निवडणुकीचा पैसा कोणाचा?

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या सभेत केलेले भाषण)



आज आपण निवडणुकीच्या पैशाविषयी बोलू. निवडणूक आली की आपल्या गावात काय काय होते, ते तुम्हांला ठाऊक आहे. जीपगाड्या येतात. कर्णे वाजतात. झेंडे लागतात. मोठमोठी चित्रे उभी राहतात. सभेला मांडव पडतो. दूरदूरच्या गावांहून माणसे गाड्या भरून आणतात. त्यांना जेवण देतात. आता तर घरोघरी फोनवरही प्रचार येतो.

हे काही फुकट होत नाही. गाडीला तेल लागते. मांडवाला भाडे लागते. छापखान्याचे बिल येते. मग हा पैसा येतो कुठून? कोण देतो? कशासाठी देतो? आणि दिलेला पैसा तो पुढे कसा वसूल करतो?

पुष्कळ लोक म्हणतात, “आपल्याला काय करायचंय? पैसा त्यांचा, निवडणूक त्यांची.” मंडळी, पैसा त्यांचा असेल. पण निवडणूक आपली आहे. म्हणून हा प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

वर्गणीची पावती आणि आहेराची वही

आधी गावातल्याच दोन गोष्टी पाहू.

गावची जत्रा भरते. पंच मंडळी दारोदार वर्गणी मागतात. कोणी ५१ रुपये देतो, कोणी ५०१ देतो. प्रत्येकाला पावती मिळते. जत्रा झाली की देवळात बैठक बसते. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, हे सर्वांसमक्ष वाचून दाखवतात. हिशेबात शंभर रुपये कमी पडले तरी एखादी म्हातारी उठून विचारते, “बाबांनो, शंभराची नोट कुठं गेली?” तिला कोणी गप्प बसवत नाही. तिने वर्गणी दिलेली असते. विचारण्याचा तिला हक्क असतो.

दुसरी गोष्ट लग्नातली. मांडवात एक माणूस वही घेऊन बसतो. कोणी किती आहेर केला, ते तो लिहून घेतो. ती वही लोक जपून ठेवतात. का ठेवतात? पुढे त्या माणसाच्या घरी कार्य निघाले की वही काढून पाहतात. त्याने आपल्याला किती दिले होते? तेवढे तरी आपण परत केले पाहिजे. आहेर म्हटला की परतफेड आलीच.

आता विचार करा. कोणी एखाद्या राजकीय पक्षाला पाच कोटी रुपये दिले. एक कोटी म्हणजे शंभर लाख. तर पाच कोटी म्हणजे पाचशे लाख. हा केवढा मोठा आहेर झाला! याची परतफेड कोण करणार? आणि कोणाच्या पैशातून करणार?

पक्ष सत्तेवर आला, तर त्याच्या हातात सरकारची तिजोरी येते. रस्त्याचे कंत्राट कोणाला द्यायचे, हे सरकार ठरवते. खाणीचा परवाना सरकार देते. औषधावर, खतावर, विजेच्या दरावर सरकारचे नियम चालतात. कोणाच्या कारखान्यावर तपासणी धाडायची, हेही सरकारचेच खाते ठरवते. देणगी देणाऱ्याला परतफेड हवी असेल, तर ती याच वाटांनी होते. आणि तिजोरीतला पैसा आपला असतो. आपण काडेपेटी घेतली, साबण घेतला, तरी त्यात कर भरलेला असतो.

‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणून पोळी कोणी वाढली, ते आधी कळले पाहिजे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. देणगी देणारा प्रत्येक माणूस लबाड असतो, असे नाही. पक्षाचा विचार पटला म्हणून मनापासून पैसे देणारेही आहेत. पक्ष चालवायला पैसा लागतो, हेही खरे आहे. देणगी देणे हा गुन्हा नाही. पण देणगी पटली म्हणून दिली, की काम काढून घेण्यासाठी दिली, हे ओळखायचे कसे? त्यासाठी देणाऱ्याचे नाव उघड पाहिजे. झाकल्या मुठीत काय आहे, ते कोणाला कळणार?

मुंबईच्या न्यायमूर्तींचा इशारा

हा प्रश्न आजचा नाही. १९५७ सालची गोष्ट आहे. टाटांची लोखंडाची कंपनी मुंबईच्या हायकोर्टात आली. राजकीय पक्षांना देणगी देता यावी, म्हणून कंपनीला आपल्या मूळ नियमांत बदल करायचा होता. त्याला कोर्टाची परवानगी लागत होती. कंपनीच्या एका भागीदाराने हरकत घेतली.

त्या वेळी महंमद करीम छागला हे मुख्य न्यायमूर्ती होते. त्या काळच्या कायद्यात अशा देणगीला मनाई नव्हती. म्हणून कोर्टाने परवानगी दिली. पण तेवढ्यावर न्यायमूर्ती थांबले नाहीत. त्यांनी निकालात संसदेला इशारा दिला. कंपन्यांचा पैसा पक्षांकडे जाऊ लागला तर धोका वाढत जाईल, आणि एक दिवस तो लोकशाहीचा गळा आवळील, अशा अर्थाचे ते बोलले. पक्षांना पैसे द्यायचे असतील तर लोकांना ते दिसले पाहिजेत, असा त्यांचा रोख होता.

पुढे १९६० साली कायदा बदलला. कंपनीने किती द्यावे याला मर्यादा आली. दिलेली रक्कम हिशेबात दाखवणे भाग झाले. १९६९ साली तर कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. मग पैसा थांबला का? नाही. दाराने येणारा पैसा खिडकीने येऊ लागला. काळा पैसा वाढला. शेवटी १९८५ साली बंदी उठली आणि पुन्हा मर्यादा घालून परवानगी मिळाली.

यातून काय शिकायचे? नुसती बंदी घालून भागत नाही. पैसा लपला की अधिक त्रास देतो. तो उजेडात ठेवावा लागतो.

खर्चाची मर्यादा आणि तिच्यातली पळवाट

तुमच्यापैकी कोणी विचारील, “उमेदवारानं किती खर्च करावा, याला काही कायदा आहे की नाही?”

आहे. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तेव्हा लोकसभेच्या उमेदवाराला बहुतेक राज्यांत २५ हजार रुपयांची मर्यादा होती. महागाई वाढली, तशी मर्यादाही वाढत गेली. २०२४ सालच्या निवडणुकीत महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात ती लोकसभेसाठी ९५ लाख रुपये होती. विधानसभेसाठी ४० लाख रुपये होती.

पण ही मर्यादा उमेदवाराला आहे. पक्षाने आपल्या नावाने जो सर्वसाधारण प्रचार करायचा, त्याला मर्यादा नाही. हे कसे झाले, ते ऐका.

१९७४ साली दिल्लीच्या एका निवडणुकीचा खटला सुप्रीम कोर्टात आला. कोर्ट म्हणाले, उमेदवाराला ठाऊक असताना पक्षाने त्याच्यासाठी जो खर्च केला, तोही त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. हा निकाल ऑक्टोबर महिन्यात लागला. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढला आणि कायदाच बदलून टाकला. पक्षाचा खर्च पुन्हा हिशेबाबाहेर गेला. २००३ साली ही वाट थोडी अरुंद केली. तरी पक्षाच्या स्वतःच्या प्रचाराला आजही वरची रेघ नाही.

म्हणजे असे पाहा. बापाने पोराला सांगितले, “जत्रेत दहा रुपयांवर खर्च करू नकोस.” पण काकाला सांगितले, “तू त्याच्यासाठी हवे तेवढे कर.” मग दहा रुपयांच्या अटीला अर्थ काय राहिला? अशा वेळी निदान एवढे तरी कळावे, की काकाच्या खिशात पैसा घातला कोणी?

निवडणूक रोखे म्हणजे काय होते?

आता अलीकडची गोष्ट सांगतो. निवडणूक रोखे हे नाव तुम्ही रेडिओवर ऐकले असेल. ते काय होते, ते नीट समजून घेऊ.

२०१७ सालच्या अर्थसंकल्पात त्या वेळचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ही योजना जाहीर केली. २ जानेवारी २०१८ रोजी तिचे नियम निघाले.

पूर्वी हुंडी असायची, ती जुन्या माणसांना आठवत असेल. कागद हातात आला की पैसा आपला. रोखा तसाच होता. तो फक्त स्टेट बँकेत मिळायचा. १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटी, अशा पाच किमतींचे रोखे होते. ज्याला देणगी द्यायची, त्याने बँकेत पैसे भरून रोखा घ्यायचा. तो पक्षाला द्यायचा. पक्षाने १५ दिवसांच्या आत बँकेत वटवायचा. नाही वटवला तर रक्कम पंतप्रधानांच्या मदतनिधीत जायची.

रोख्यावर घेणाऱ्याचे नाव नव्हते. पक्षाने देणाऱ्याचे नाव निवडणूक आयोगाला कळवायचे नाही. कंपनीनेही आपल्या हिशेबात पक्षाचे नाव सांगायचे नाही. याच सुमारास आणखी एक बदल झाला. कंपनीला आधी आपल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत होती. ती मर्यादाच काढून टाकली. म्हणजे तोट्यातल्या कंपनीलाही देणगी द्यायला मोकळीक झाली. आता सांगा, ज्याच्या घरी खायला दाणा नाही, तो गावजेवण घालू लागला, तर लोक काय म्हणतील? “याच्या मागे दुसरा कोणीतरी आहे,” असेच म्हणतील ना?

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. सरकार म्हणत होते, रोख पैशाने देणग्या येतात, त्यात काळा पैसा असतो. रोखा बँकेतून येतो, म्हणून तो पांढरा पैसा आहे. दुसरे असे, की देणाऱ्याचे नाव फुटले तर दुसऱ्या पक्षाचे लोक त्याच्यावर राग धरतील. म्हणून नाव गुप्त ठेवावे.

हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. गावातसुद्धा एका गटाला मदत केली की दुसरा गट डोळे वटारतो. पण यात एक मेख होती. नाव जनतेपासून गुप्त होते. बँकेजवळ मात्र नोंद होती. शिवाय प्रत्येक रोख्यावर एक छुपा क्रमांक होता. साध्या डोळ्यांना तो दिसत नसे. विशेष प्रकारच्या दिव्याखाली धरला की दिसे. स्टेट बँक सरकारी बँक. आणि कोणी कंपनीने स्वतःच जाऊन पक्षाच्या पुढाऱ्याला सांगितले, “रोखा आम्ही दिलाय बरं का,” तर तिला कोण अडवणार? म्हणजे देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक असू शकते. अंधारात राहिला तो एकटा मतदार.

सुप्रीम कोर्टाचा निकाल

या योजनेविरुद्ध काही जण सुप्रीम कोर्टात गेले. त्यांत असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था होती. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष होता. दुसरेही होते. खटला सहा वर्षांहून जास्त रेंगाळला. तेवढ्यात लोकसभेची २०१९ सालची निवडणूक होऊन गेली.

शेवटी १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि आणखी चार न्यायमूर्ती, असे पाच जण बसले होते. पाचही जणांचे एकमत झाले. त्यांनी योजना रद्द केली.

कोर्टाने कारण काय दिले? घटनेने प्रत्येक नागरिकाला बोलण्याचा आणि मत मांडण्याचा हक्क दिला आहे. मत मांडायचे तर माहिती पाहिजे. मत द्यायचे तरी माहिती पाहिजे. पक्षाला पैसा कोण देतो, ही मतदाराला लागणारी माहिती आहे. ती लपवणे घटनेला धरून नाही. गरीब किंवा साधा माणूस आपल्या विचाराने देणगी देतो, त्याच्या खाजगीपणाला मान आहे. पण मोठ्या कंपनीची मोठी देणगी बहुतेक वेळा धंद्याचा व्यवहार असते. पैसा द्यायचा आणि बदल्यात काही घ्यायचे, असे होण्याचा संभव असतो. काळा पैसा रोखायचा असेल तर दुसरेही मार्ग आहेत, असेही कोर्ट म्हणाले. कंपन्यांच्या देणगीची काढलेली मर्यादाही कोर्टाने परत लागू केली.

कोर्टाने स्टेट बँकेला हुकूम दिला, की ६ मार्चपर्यंत सर्व माहिती निवडणूक आयोगाला द्या. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. लोकसभेची निवडणूक तर त्याआधीच होऊन जाणार होती. कोर्टाने मुदत नाकारली. “उद्या कामाची वेळ संपण्यापूर्वी द्या,” असे ११ मार्च रोजी बजावले. १४ मार्चला याद्या जाहीर झाल्या. पण रोख्यांचे क्रमांक त्यांत नव्हते. क्रमांकाशिवाय कोणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला, ते कळत नव्हते. कोर्टाने पुन्हा खडसावले. २१ मार्चला क्रमांकही बाहेर आले.

यादीत काय निघाले?

२०१८ पासून २०२४ पर्यंत एकंदर १६ हजार कोटी रुपयांहून जास्त किमतीचे रोखे विकले गेले होते. ही रक्कम डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून असे समजा. महाराष्ट्रात ४० हजार गावे धरली, आणि ही रक्कम गावोगाव सारखी वाटली, तर प्रत्येक गावाच्या वाट्याला ४० लाख रुपये येतील.

किमतीने पाहिले तर नव्वद टक्क्यांहून अधिक रोखे एक-एक कोटीचे होते. हजाराचा रोखा घेणारा साधा माणूस त्यात जवळजवळ नव्हताच. सर्वांत जास्त पैसा दिला तो लॉटरीचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने. तिने १,३६८ कोटी रुपयांचे रोखे घेतले होते. त्याखालोखाल मोठमोठी सरकारी कामे करणारी एक कंपनी होती. तिचे ९६६ कोटी होते.

पैसा कोणाला मिळाला? सर्वांत जास्त मिळाला भारतीय जनता पक्षाला. तो केंद्रात सत्तेवर होता. तृणमूल काँग्रेस, काँग्रेस आणि राज्याराज्यांतले इतर पक्ष यांनाही मोठ्या रकमा मिळाल्या. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नाहीत. म्हणून ही एका पक्षाची गोष्ट समजू नका. ज्याच्या हाती जिथे सत्ता, तिकडे पैशाचा ओढा, असेच पुष्कळदा दिसले.

मग वर्तमानपत्रांनी तारखा जुळवून पाहिल्या. काही कंपन्यांवर सरकारी खात्यांचे छापे पडले होते आणि त्यानंतर त्यांनी रोखे घेतले होते. काहींना रोखे घेण्याच्या सुमारास मोठी सरकारी कामे मिळाली होती. आता नुसत्या तारखा जुळल्या म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. विशेष तपास पथक नेमा, अशी मागणी काही जणांनी केली. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली नाही. ज्याची तक्रार असेल त्याने नेहमीच्या कायद्याने जावे, असे सांगितले.

पण यादी बाहेर आली, म्हणून हे प्रश्न तरी विचारता आले. यादी पेटीतच राहिली असती, तर प्रश्न विचारायलाही जागा नव्हती.

अजून काय झाकलेले आहे?

रोखे गेले. म्हणून सगळे उजळले, असे समजू नका.

कायदा असा आहे, की २० हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्याचे नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचे. त्याच्या आतल्या देणगीचे नाव कळवावे लागत नाही. गरिबाच्या शंभर-दोनशे रुपयांसाठी हे बरे आहे. पण कोणी मोठी रक्कम लहान लहान तुकडे करून दाखवली, तर नाव कधीच बाहेर येत नाही.

दुसरे, निवडणूक न्यास म्हणून संस्था आहेत. कंपन्या त्यांना पैसे देतात आणि न्यास ते पक्षांना वाटतो. न्यासाला कोणी दिले आणि न्यासाने कोणाला दिले, या दोन्ही याद्या असतात. पण सगळ्यांचे दूध एकाच हंड्यात ओतले की कोणाच्या म्हशीचे दूध कोणाच्या कपात गेले, ते सांगणे कठीण.

तिसरे, रोख पैसा. रात्री दारावर येणारे पाकीट कोणत्याच यादीत नसते.

आपण काय करायचे?

आता शेवटचे आणि कामाचे सांगतो.

पहिली गोष्ट. पाकीट घेऊ नका. मतासाठी पैसा देणारा गुन्हेगार असतो, तसा घेणाराही असतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण कायदा बाजूला ठेवा. हिशेब करून पाहा. मताचे पाचशे रुपये घेतले, तर पाच वर्षांत दिवसाला तीस पैसेसुद्धा पडत नाहीत. तीस पैशांत आपण बोलण्याचा हक्क विकतो. उद्या रस्ता खचला, दवाखान्यात औषध नसले, तर कोणत्या तोंडाने विचारणार? तो म्हणेल, “तुमचं तेव्हाच दिलंय की.”

दुसरी गोष्ट. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचा. २००२ आणि २००३ साली सुप्रीम कोर्टाचे निकाल झाले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि आपल्यावरचे खटले लिहून द्यावे लागतात. हे कागद सर्वांना पाहता येतात. मागच्या निवडणुकीचे आणि या निवडणुकीचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. पाच वर्षांत मालमत्ता किती वाढली, ते वजाबाकी करून काढा. वजाबाकी तर आता तुम्हांला येते.

तिसरी गोष्ट. खर्चाचा हिशेब पाहा. लोकसभा किंवा विधानसभा लढवणाऱ्या प्रत्येकाला निकालानंतर ३० दिवसांत आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हा अधिकारी म्हणजे बहुधा आपला कलेक्टर. हिशेब आला की त्याची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागते. कोणीही नागरिक एक रुपया फी भरून तो हिशेब पाहू शकतो. मंडळी, एक रुपया! आपल्या गावी जी सभा झाली, तिला किती गाड्या होत्या, केवढा मांडव होता, किती पंगती उठल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. हिशेबात ते आले आहे का, ते तपासा. हिशेब न देणाऱ्याला आयोग तीन वर्षे निवडणुकीतून बाद करू शकतो.

चौथी गोष्ट आपल्या ग्रामपंचायतीची. इथेही उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. नाही दिला तर राज्य निवडणूक आयोग त्याला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. कित्येक जण या एका कागदापायी पुढच्या निवडणुकीला मुकतात. तुम्ही उभे राहिलात, तर पहिल्या दिवसापासून वही घाला.

आणखी एक सांगतो. काही गावे म्हणतात, “भांडण नको, बिनविरोध करू. जो देवळाला जास्त पैसे देईल, त्याला पद देऊ.” हेतू चांगला वाटतो. पण हा लिलावच झाला. नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी, या दोन गावांत असा लिलाव झाल्याचे दिसून आले. तेव्हा जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने तिथल्या निवडणुका रद्द केल्या. देवळाला पैसा मिळाला, तरी गरिबाचा उभे राहण्याचा हक्क गेला ना? ज्या मजुराजवळ बोली लावायला पैसा नाही, त्याने पंच व्हायचेच नाही का?

पाचवी गोष्ट. सभेत विचारा. पुढारी गावात आला की रस्ता मागा, पाणी मागा. त्याबरोबर हेही विचारा, “दादा, तुमच्या प्रचाराला पैसा कोणी दिला? तुमच्या पक्षाची देणगीदारांची यादी कुठं पाहायला मिळेल?” रागाने विचारू नका. भांडू नका. वर्गणीचा हिशेब विचारणाऱ्या म्हातारीसारखे शांतपणे विचारा. एकाने विचारले तर तो हसून टाळील. दहा गावांत दहा जणांनी विचारले, तर पुढच्या खेपेला तो कागद घेऊन येईल.

भगिनींना एक विनंती आहे. घरखर्चाचा हिशेब तुम्ही ठेवता. तेल किती आले, किती उरले, ते तुमच्या ध्यानात असते. हीच नजर निवडणुकीकडे वळवा. घरचा कर्ता जिकडे सांगेल तिकडे मत, असे करू नका. याद्या तुम्हीही वाचा.

पूर्वी लोक म्हणायचे, “आम्हांला कुठं वाचता येतं? पाटील सांगतील ते खरं.” आता तसे म्हणता येणार नाही. अक्षर आले आहे, आकडा आला आहे. पुढच्या आठवड्यात आपण वर्गात आपल्याच मतदारसंघातल्या एका उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र आणू. ते मोठ्याने वाचू. ज्यांना अजून जोडाक्षरे अडतात, त्यांनी आकडे वाचावेत. वही-पेन्सिल बरोबर आणा.

रामराम.